जुन्या कपड्यांतून शोचं कलेक्शन कसं करायचं: ४३ कपडे, ५ लुक आणि १० आठवडे

फॅशन डिझाइनच्या कोर्सच्या फायनल शोसाठी मला पाच लुक (म्हणजे पाच पूर्ण पोशाख) करायचे होते आणि अट मीच स्वतःला घातली होती की नवीन कापड एक मीटरही घ्यायचं नाही, सगळं वापरलेल्या कपड्यांतून करायचं. हातात दहा आठवडे होते. एकूण ४३ कपडे जमवले, त्यातले ३१ वापरले गेले. आता ज्युनियर बॅचमधली बरीच जणं हेच करायला बघतायत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा बसून सगळं सलग लिहून काढतेय. तुम्हाला शिवता येतं आणि साधा पॅटर्न काढता येतो एवढं धरून चाललेय.

आधी कपडे, मग स्केच

माझे पहिले दोन आठवडे चुकीच्या दिशेने गेले. नेहमीसारखं बसून स्केच काढली, रंग ठरवले, आणि मग त्या स्केचमध्ये बसतील असे जुने कपडे शोधायला निघाले. मला गडद हिरवा जाड लोकरी कोट हवा होता, तो कुठेच मिळाला नाही, आणि समोर पुरुषांचे रेघारेघांचे फॉर्मल शर्ट ढिगाने पडलेले असताना मी ते सोडून हिरव्या कोटामागे फिरत राहिले. नवीन कापड घेताना आधी डोक्यात आकार येतो आणि मग त्याला कापड शोधतो. जुन्या कपड्याचं उलटं असतं, तो स्वतःचा आकार घेऊनच आलेला असतो, त्याला खांदा असतो, कोपराला आलेला फुगवटा असतो, कुठे डार्ट (आकारासाठी शिवलेल्या टोकदार चुण्या) असतात, आणि तो आकार पुसून परत सपाट कापड करायला गेलात तर अर्धा वेळ त्यातच जातो आणि हातात निम्मंच कापड उरतं.

मार्टिन मार्जिएला या डिझायनरने १९८८ साली पॅरिसमध्ये स्वतःचं फॅशन हाउस सुरू केलं, त्याच्या १९९१-९२ च्या हिवाळी कलेक्शनमध्ये लष्करी मोज्यांपासून केलेला एक स्वेटर होता. त्यात मोज्याची टाच जिथे गोल फुगते तो भाग छातीवर आणि कोपरांवर लावलाय. टाचेसाठी विणलेला गोलावा छातीसाठी आयताच मिळाला. हे मला नीट समजलं त्या दिवशी मी माझी स्केच बाजूला ठेवली आणि परत कपडे बघायला गेले.

तर पहिली पायरी अशी की स्केच न काढता फक्त दोन गोष्टी ठरवा, कपड्याचे दोन-तीन प्रकार आणि रंगांचा एक साधारण पट्टा. मी पुरुषांचे शर्ट, पँट-ब्लेझर आणि जीन्स एवढंच घेतलं, रंग पांढरा, निळा, राखाडी. एक फुलाफुलांचा फ्रॉक, एक स्वेटर, एक पडदा असं दिसेल ते गोळा केलं तर पाच लुक पाच वेगवेगळ्या जणांनी केल्यासारखे दिसतात. एकाच प्रकारचे कपडे घेतले की तीच कॉलर, तीच बटणपट्टी, तोच कफ परत परत येतो आणि कलेक्शन आपोआप बांधलं जातं. (मी तरी शेवटी मोहात पडून दोन लोकरी स्वेटर घेतलेच, त्यांचं पुढे येईल.)

पुरुषांच्या सूटचं कापड या कामाला फार चांगलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं तेव्हा घरातल्या पुरुषांचे सूट उसवून बायकांचे सूट आणि स्कर्ट करायचे. पँटचे पाय लांब सलग असतात, वीण घट्ट असते आणि शिलाईच्या आत मार्जिनही भरपूर सोडलेलं असतं.

निवडताना काय बघायचं

कपडा आधी उलटा करायचा. बाहेरून सगळे बरे दिसतात, खरी हालत आतून कळते. मग उजेडासमोर धरायचा, जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेलं आहे. काख, कोपर, कॉलरची घडी, पँटची बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू, विरतं ते बहुतेक इथेच. नंतर दोन्ही हातांनी कापड धरून हलका झटका द्यायचा, उभ्या धाग्यात, आडव्या धाग्यात आणि तिरका, तिन्ही दिशांनी, आणि सगळ्यात आधी काखेजवळ. मी हे फक्त छातीवर आणि फक्त उभ्यात केलं होतं, त्याचं काय झालं ते फिटिंगच्या भागात सांगते.

डाग असला तर घाबरू नका, फाटकं असलं तर अजिबातच घाबरू नका. मी तर शक्यतो डाग पडलेले, बटणं तुटलेले, कॉलर झिजलेलेच कपडे उचलायचे, कारण चांगला धड कपडा कोणीतरी तसाच घालू शकतं. मोठ्या मापाचे कपडे आपल्याला कापड जास्त मिळतं म्हणून सगळे उचलावेसे वाटतात, पण मोठ्या मापाच्या माणसाला वापरलेल्यांत मुळातच कमी कपडे मिळतात, त्यामुळे चांगल्या स्थितीतला मोठा कपडा मी सोडून द्यायचे आणि बिघडलेला घ्यायचे. हा माझा नियम, तुम्ही तुमचा ठरवा पण विचार नक्की करा.

कापड किती मिळतं याचा अंदाज: मोठ्या शर्टाची पाठ उसवून सपाट केली की साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ६५-७० लांब असा सलग तुकडा मिळतो, दोन पुढचे भाग मिळतात पण त्यांच्यावर खिसा आणि बटणपट्टी असते, बाह्या लांब पण वर निमुळत्या. एका लुकला मला सरासरी सहा कपडे लागले. लागतील त्यापेक्षा तिसराएक भाग जास्त घ्या, कारण उसवल्यावर काही बाद होतातच.

घरात आणण्याआधी

सगळे कपडे पिशवीतच बंद ठेवा आणि पिशवी सरळ धुण्याच्या जागी न्या, अंथरुणावर किंवा स्वतःच्या कपड्यांच्या कपाटाजवळ नको. खिसे तपासा. सुती आणि पॉलिस्टर कपडे ६० अंश सेल्सिअसला धुतले की ढेकूण आणि कसर दोन्हींचा प्रश्न मिटतो, अर्थात आतल्या लेबलवर तेवढं तापमान चालेल असं असेल तर. लोकरीचं तसं करता येत नाही, ती आटते, म्हणून लोकरी कपडा हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा, किमान चार दिवस, मी आठवडाभर ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं बाहेरच्या हवेइतकं होऊ द्यायचं नाहीतर कापड दमट होतं.

आणि डाग जाईपर्यंत इस्त्री लावू नका. रक्ताचा किंवा घामाचा डाग उष्णतेने पक्का बसतो, तो आधी गार पाण्यात भिजवायचा. काखेतला जुना पिवळा डाग बरेचदा निघतच नाही, तिथलं कापडही कमजोर झालेलं असतं, तो भाग कापून टाकायचाच असं समजून चला.

हे कापड नेमकं आहे काय

जुन्या कपड्याचं लेबल फाटलेलं असतं किंवा धुवून कोरं झालेलं असतं, आणि कापड काय आहे हे कळल्याशिवाय ना रंगवता येतं ना इस्त्रीचं तापमान ठरवता येतं. त्यासाठी जळण चाचणी. आतल्या मार्जिनमधून चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, धातूच्या भांड्यावर मेणबत्तीला लावा, शेजारी पाणी ठेवा. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो, वासही कागदाचा आणि राख मऊ राखाडी. लोकर आणि रेशीम केस जळाल्यासारखा वास देतात, हळू जळतात, ज्योत काढली की बरेचदा स्वतःच विझतात आणि काळा कुस्करता येणारा मणी उरतो. पॉलिस्टर आधी आकसतं, वितळतं, आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो जो बोटांनी फुटत नाही. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, राखही आणि कडक कणही. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून बघा, कधी कधी ते वेगळ्या जातीचे निघतात.

प्रत्येक कपड्याला एक नंबर द्या आणि त्या नंबरखाली वहीत एक ओळ लिहा, प्रकार, कापड, कमजोर जागा, फोटो. मी हे पहिल्या दिवसापासून केलं आणि शेवटी ज्युरींनी प्रत्येक लुकमध्ये कुठले कपडे आहेत विचारलं तेव्हा वही उघडून दाखवता आली. कापण्याआधीचा फोटो काढायचाच, नंतर तो परत मिळत नाही.

उसवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि वेळापत्रक बनवताना सगळे हेच विसरतात. एक शर्ट पूर्ण उसवायला मला सुरुवातीला दोन तास लागायचे, पंधराव्या शर्टापर्यंत पन्नास मिनिटांवर आले. ब्लेझर एक अख्खा दिवस. दहापैकी अडीच आठवडे माझे फक्त उसवण्यात गेलेत.

शिलाई ओळखायला शिका, मग हात चालतो. साधी शिलाई असेल तर एका बाजूने दर चार-पाच टाक्यांनी सीम रिपरने धागा कापत जायचं आणि मग उलट्या बाजूचा धागा ओढायचा, तो सलग निघून येतो. प्रत्येक टाका कापत बसू नका आणि दोन बाजू धरून टरकन ओढूही नका, कापडाला चीर जाते. साखळी टाका, जो जीन्सच्या खालच्या दुमडीला किंवा कमरपट्ट्याला असतो, तो योग्य टोकापासून धरला तर एका ओढीत सगळा सुटतो, योग्य टोक म्हणजे शिलाई जिथे संपली ते. एका टोकाने सुटला नाही तर दुसरं टोक बघा. ओव्हरलॉक (कडेला गुंडाळून घातलेली शिलाई) असेल तर सुईचे सरळ धागे आधी ओढून काढा, उरलेले वेटोळे आपोआप गळून पडतात.

जीन्सच्या पायाला दोन शिलाया असतात, त्यातली एक, बहुतेक वेळा आतली, दोन्ही कडा एकमेकीत अडकवून दोनदा शिवलेली असते. ती उसवायला जाऊ नका, जीव जातो आणि कडा विरलेली निघते. बाहेरची साधी शिलाई उसवा म्हणजे पाय एका मोठ्या सपाट तुकड्यात उघडतो आणि मधोमध ती जाड शिलाई राहते, ती डिझाइनमध्ये घ्या.

काही गोष्टी उसवायच्याच नाहीत. ब्लेझरची कॉलर आणि लॅपल (छातीवर उलटलेली पट्टी) हा सगळा भाग आत कॅनव्हास नाहीतर फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आतलं कापड) घालून, वाफ देऊन घडवलेला असतो, तो मोडला की परत तसा आपल्याकडून होत नाही. शर्टाची कॉलर, कफ, वेल्ट खिसे (कापडाला चीर देऊन आत बसवलेले), पँटची चेनपट्टी यांचंही तसंच. हे अवयव अख्खेच्या अख्खे उचलायचे. माझ्या पहिल्या लुकची पूर्ण पाठ सात शर्टांच्या बटणपट्ट्या शेजारी शेजारी लावून केली होती, काजं-बटणं सकट, आणि मॉडेल वळली की ती बटणं उजेडात चमकायची. एकही काज मला करावं लागलं नाही.

उसवताना शेजारी लाल खडू ठेवा आणि विरलेली प्रत्येक जागा उलट्या बाजूने तिथल्या तिथे रंगवा. नंतर लक्षात राहत नाही.

उसवल्यावर कापडावर तीन खुणा राहतात, सुईची भोकं, घडीची रेघ आणि रंगातला फरक. सुती कापडात भोकं वाफ देऊन नखाने आडवंतिडवं घासलं की बरीचशी मिटतात, सॅटिन किंवा लेदरवर कायम राहतात. रंगातला फरक मात्र जात नाही. जीन्सची खालची दुमड उघडली की आत मूळ गडद निळा पट्टा निघतो कारण त्याला ऊन आणि झीज लागलेली नसते. मी आधी ते पट्टे कापून टाकत होते, तीन जीन्सचे टाकूनही दिले. मग उरलेले पट्टे एका रांगेत मांडल्यावर दिसलं की हे किती सुंदर आहेत, आणि दुसऱ्या लुकचा स्कर्ट सगळा त्याच्यावर उभा राहिला, सहा जीन्सचे पाय आडवे जोडले आणि प्रत्येक जोडाशी तो गडद पट्टा आला.

तुकड्यांचा नकाशा

सगळे तुकडे वाफेने सपाट करा, प्रत्येकाच्या उलट्या बाजूला खडूने उभ्या धाग्याचा बाण काढा. हा बाण आत्ताच काढा, कारण तुकडा एकदा छोटा झाला की उभा कुठला आडवा कुठला हे शोधत बसावं लागतं. मग प्रत्येक तुकडा मोजून १:५ या प्रमाणात जाड कागदावर कापा, त्यावर नंबर आणि बाण, लाल जागाही दाखवा. आता टेबलावर हे छोटे कागद आणि त्याच प्रमाणातले पॅटर्न घेऊन कोडं जुळवल्यासारखं खेळता येतं आणि एकही चुकीची कात्री चालत नाही. मला यात तीन दिवस गेले आणि ते तीन दिवस अगदी वसूल झाले.

कॉर्डरॉय, मखमल असं लव असलेलं कापड असेल तर बाणाला टोक हवं, म्हणजे लव कुठल्या दिशेला पडते ते. तिसऱ्या लुकच्या पँटमध्ये मी दोन कॉर्डरॉय पँटचे तुकडे जोडले त्यात एक पॅनल उलटं गेलं. खोलीत अजिबात कळलं नाही, शोच्या दिव्यांखाली तालमीत एक पाय सरळ सरळ फिकट दिसायला लागला. अख्खं पॅनल परत उसवलं.

आता स्केच. खरं म्हणजे अजूनही नाही, आधी डमीवर (शिवणकामाच्या पुतळ्यावर). मोठे तुकडे डमीवर टाचण्यांनी लावा, उलटे लावा, बाही कमरेला लावून बघा, कॉलर खांद्यावर, पँटचा पाय बाही म्हणून, आणि प्रत्येक वेळी फोटो. मी एका दिवसात साठेक फोटो काढले आणि त्यातल्या सहा-सातवरून स्केच केली. पँटची कमर उलटी करून गळ्याशी घेतली तर मागचे डार्ट खांद्याच्या गोलाव्याशी मस्त बसतात, हे कागदावर मला कधीच सुचलं नसतं. आवडलं की मांजरपाटात टॉईल (कच्चा नमुना) शिवा, जुन्या कापडात प्रयोगाला दुसरी संधी नसते. मांजरपाट नवीन आणावं लागू नये म्हणून मी विरलेल्या चादरींवर टॉईल केली.

रंगवायचं असेल तर

सुती कापडाला रिअॅक्टिव्ह डाय आणि सोडा अॅश, लोकर आणि रेशमाला अॅसिड डाय, पॉलिस्टरला डिस्पर्स डाय आणि भरपूर उष्णता. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड सुती रंगात टाकलं तर रंग अर्धवट, फिकाच चढतो. ब्लीच लोकर आणि रेशमाला कधीच लावू नका, तो धागाच विरघळवतो, स्ट्रेच कापडातल्या ताणणाऱ्या धाग्यालाही मारतो. आणि ब्लीच कुठल्याही अॅसिडबरोबर किंवा अमोनियाबरोबर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. रंगाचं भांडं स्वयंपाकाला परत वापरू नका, पावडर मोजताना मास्क लावा.

एक गंमत माहीत असू द्या, शिवायचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो. मी न उसवलेले चार सुती शर्ट गडद निळ्यात रंगवले, कापड निळं झालं आणि सगळ्या शिलाया पांढऱ्याशुभ्र राहिल्या, कॉलरभोवती, खिशाभोवती, पाठीवर. क्षणभर पोटात गोळा आला, मग शर्ट टांगून लांबून पाहिले आणि ठरवलं की पाचही लुकमध्ये वरून पांढरी शिलाई घ्यायची. पॅरिसमध्ये काम करणारा, आफ्रिकेतल्या माली देशाचा डिझायनर लामीन कुयाते जुने कपडे जोडताना लाल दोऱ्याची शिलाई बाहेरून दिसू द्यायचा, १९९० च्या दशकात त्याची ती ओळखच झाली होती. जोड लपवायचा की दाखवायचा हे एकदा ठरवा आणि मग सगळीकडे तेच पाळा. अर्धे लपवलेले अर्धे दिसणारे जोड लांबून चुका वाटतात.

वेगवेगळी कापडं एकत्र शिवताना

शर्टाच्या कापडाला ७० किंवा ८० नंबरची सुई, जीन्सला ९० ते १००, विणलेल्या होजिअरीला गोल टोकाची. जुन्या जाड शिलाईवरून जाताना मशीनचा फूट वर तिरका होतो आणि टाके चुकतात, तेव्हा फुटाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहतो. बाकी हाताने चाक फिरवून दोन-चार टाके घ्या, घाई नको.

वजनाचा विचार करा. हलकं कापड वर आणि जड कापड खाली लावलं तर खालचं वरच्याला ओढतं. माझ्या एका ड्रेसला वर शर्टाचं कापड आणि कमरेखाली सूटचं होतं, रात्रभर हँगरवर राहिला आणि सकाळी कंबर दोन सेंटीमीटर खाली आली होती. कमरेच्या जोडात न ताणणारी सुती टेप घालून शिवलं तेव्हा थांबलं. उरेब (तिरके) कापलेले तुकडे असतील तर कपडा किमान एक दिवस टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड घ्या.

थोडं विरलेलं पण हवंच असं कापड असेल तर मागून हलकं विणलेलं फ्यूजिंग लावा, आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा, बुडबुडे येतायत का, पुढून गोंद दिसतोय का. छिद्र असेल तर रफू करा किंवा मागे ठिगळ ठेवून धावदोरा घाला. जपानमध्ये साशिको नावाची पद्धत आहे, त्यात असेच पांढरे धावदोरे ओळीने घालून कापड मजबूत करतात, ते सजावट म्हणूनही देखणं दिसतं.

आणि ते दोन स्वेटर. स्वेटरचा धागा परत वापरायचा असेल तर आधी बाजूची शिलाई बघा. विणकाम त्या आकारातच विणून मग जोडलेलं असेल तर धागा सलग निघतो, पण कापून ओव्हरलॉक केलेलं असेल तर ओळी-ओळीला तुटके तुकडेच हातात येतात. माझा एक दुसऱ्या प्रकारचा निघाला. त्यात शंभर टक्के लोकर होती म्हणून गरम पाण्यात साबणाने चोळून मुद्दाम आटवला, मग तो जाड फेल्ट झाला, कापला तरी कडा सुटत नाहीत, त्याचे चौथ्या लुकचे कफ आणि कॉलर झाले. मशीनवर धुतली तरी आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर असते, ती मात्र आटत नाही, आधी छोटा तुकडा करून बघा.

फिटिंग, आणि तालमीत काय फाटलं

मॉडेलची मापं उशिरा हातात येतात. नवीन कापडात मार्जिन वाढवता येतं, इथे तुकडा जेवढा आहे तेवढाच, म्हणून कमी-जास्त करता येईल अशी एक तरी जागा प्रत्येक लुकमध्ये ठेवा, बांधायची नाडी, बटणांच्या दोन रांगा, मागे लेस, काहीही. दोन फिटिंग किमान, आणि दुसऱ्या फिटिंगला मॉडेलला चालायला, बसायला, दोन्ही हात वर करायला सांगा.

मी हात वर करायला सांगितलं नाही. तालमीत तिसऱ्या लुकच्या मॉडेलने केस बांधायला हात वर घेतले आणि शर्टाची पाठ काखेपासून दहा सेंटीमीटर आडवी गेली. शिलाई शाबूत होती, शेजारचं कापडच फाटलं. वर्षानुवर्षांच्या घामाने ते तिथे कुजत आलेलं होतं, आणि मी झटका चाचणी छातीवर केली होती. शोला दोन दिवस. काखेतला सगळा कमजोर भाग कापून काढला, दुसऱ्या शर्टाच्या पाठीतून चौकोनी तुकडा घेऊन काखेत गसेट म्हणून बसवला आणि शेजारच्या पाठीला आतून फ्यूजिंग लावलं. गसेटमुळे हात आधीपेक्षा मोकळा हलायला लागला, तेव्हा त्याच रात्री आणखी दोन लुकनाही तेच केलं. आता मी काखेचं जुनं कापड वापरतच नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

आणखी, कपडा पाच-सहा मीटर लांबून, तीव्र प्रकाशात बघा आणि फोनवर व्हिडिओ काढा. जवळून सुंदर दिसणारी बारीक ठिगळं लांबून नुसती गिचमिड दिसतात. मी दोन लुकमधले छोटे तुकडे काढून त्याजागी मोठे सलग तुकडे घातले.

शोच्या दिवशी

प्रत्येक लुक वेगळ्या कव्हरमध्ये, बाहेर लुकचा फोटो आणि कुठल्या क्रमाने घालायचं ते लिहून, कारण बटणपट्ट्या सात असल्या तर कुठली उघडायची हे मदतनीसाला कळणार नाही. जुन्या धातूच्या चेनवर आदल्या दिवशी मेण घासा. किटमध्ये सुया तीन नंबरच्या, कपड्यांच्या रंगाचे दोरे, सेफ्टी पिना, दुहेरी टेप, प्रत्येक लुकच्या कापडाचा एक तुकडा, छोटी वाफेची इस्त्री. जुनी बटणं आदल्या रात्री सगळी पुन्हा ओढून बघा, मी अकरा परत शिवली.

उरलेलं

न वापरलेल्या १२ कपड्यांपैकी सात धड होते, ते धुवून पुढे दिले. बाकी पाच आणि कात्रणं कापडाच्या जातीप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवलीत, सुती एकीकडे, लोकर एकीकडे, मिश्र वेगळं, कारण एकत्र कोंबलेली कात्रणं परत कोणी हातात घेत नाही. तयार लुकच्या आत मी छोटं कापडी लेबल शिवलं, त्यावर मूळ कपड्यांचे वहीतले नंबर. आणि साठवताना एक काळजी घ्या, जड किंवा विणलेला भाग असलेला लुक हँगरवर ठेवू नका, पातळ कागद मध्ये घालून आडवा घडी करून ठेवा. माझा चौथा लुक महिनाभर हँगरवर राहिला आणि पुढून चार सेंटीमीटर लांब झाला, आता तो पोर्टफोलिओच्या शूटआधी परत उसवावा लागणार आहे.